न प्यालेला पेला

मी शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. अठ्ठावीस वर्षं परीक्षानळ्या आणि चंचुपात्रं धुते आहे, आणि एवढ्याच गुन्ह्यासाठी आमच्या चर्चच्या मंडळीने प्रभुभोजनाचे, म्हणजे द्राक्षरसाचे, पेले धुण्याचं कामही माझ्या गळ्यात घातलं. "तुम्हाला काचेची सवय आहे," सेक्रेटरी म्हणाले. त्यांना बसल्या जागी सूचना देण्याची सवय आहे, म्हणून ते सेक्रेटरी. असो. अंगठ्याएवढे काचेचे पेले, दोन ट्रेमध्ये मिळून साठ. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासना संपली की मी ते मागच्या मोरीवर धुते, पुसते आणि खिडकीतल्या उजेडात धरून डाग बघते. हे काम माझ्याकडे नसतं तर पुढचं काहीच झालं नसतं, आणि मी आजही बूटवाल्या काकांकडे बघून डोळे पुसत बसले असते.

बूटवाले काका चाळीस वर्षं एकाच दुकानात बूट विकतात. मालक बदलले, पाट्या बदलल्या, काका तिथेच, त्या बुटक्या स्टुलावर, समोरच्याचा पाय मांडीवर घेऊन. चेहरे त्यांच्या लक्षात राहत नाहीत, पाय राहतात. रस्त्यात ओळख न दाखवता पुढे जातील आणि मग एकदम मागे वळून म्हणतील, "डावा पाय अर्ध्या नंबराने मोठा, तुम्हीच ना?" बायका सातचा पाय घेऊन येतात आणि सहाचा बूट मागतात, असं ते सांगत. काका वाद घालत नसत. आत जाऊन सातचा आणत, खोक्यावरच्या आकड्यावर अंगठा ठेवून म्हणत, "हा घ्या सहा." बाई खूश, पाय खूश.

रविवारी हाच माणूस उपासनेत संदेश द्यायला, म्हणजे प्रवचनाला, उभा राही. आमची मंडळी लहान, कायमचे पाळक, म्हणजे पाद्री, नाहीत. गेली तीसएक वर्षं संदेश काकांचा आणि प्रभुभोजनही काकांच्याच हातचं. शनिवारी दुपारी दुकानातून सुटले की सरकारी इस्पितळाबाहेरच्या बाकांवर जाऊन बसायचे आणि येईल त्याला सुवार्ता सांगायचे. वक्ता म्हणाल तर अगदीच सुमार. घोगरा आवाज, दाखले सगळे बुटांचे, आणि मध्येच धागा हरवून "काय सांगत होतो मी?" असं आम्हालाच विचारणार. तरी त्यांचं ऐकून माणसं बदलत. नुसती रडत नसत, बदलत. एकोणीस वर्षं एकमेकींचं तोंड न बघितलेल्या दोन बहिणी त्यांच्या संदेशानंतर गळ्यात पडल्या आणि आता भाजी आणायलाही जोडीने जातात. इस्पितळातल्या एका कंपाउंडरने चोरलेल्या औषधांची खोकी स्वतःहून परत नेऊन दिली. आम्ही म्हणायचो, देवाचं सामर्थ्य आहे या माणसात. काका मान हलवून म्हणायचे, "माझ्यात काही नाही हो." आम्ही एकमेकांकडे बघायचो. काय ही नम्रता!

आता माझ्या घरचं सांगते, कारण त्याशिवाय मला एवढा धक्का का बसला ते कळायचं नाही. माझा नवरा गिलाव्याचं काम करतो. सात वर्षांपूर्वीपर्यंत तो प्यायचा, आणि प्यायला की घरातलं एक भांडं धड राहायचं नाही. एका रविवारी तो मला उपासनेतून ओढून न्यायला आला. दारातच उभा राहून शिव्या. लाजेने मी बाकात अर्धी झाले. काका त्या दिवशी तापाने फणफणले होते, संदेशाची तयारी शून्य, म्हणून बायबलमधली नुसती वंशावळ वाचत होते. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला. त्यांनी वर बघितलं. "बसा, दादा. दार ओढून घ्या, वारा येतोय," एवढं म्हणाले आणि पुढची नावं वाचायला लागले. नवरा शेवटच्या बाकावर बसला. नावं संपेपर्यंत तो गुडघ्यांत डोकं घालून हुंदके देत होता. त्या दिवसापासून त्याने थेंब घेतलेला नाही. मी त्याला शंभरदा विचारलं, नेमकं कशाने? "ठाऊक नाही गं. आत काहीतरी सुटलं," एवढंच म्हणतो. पण काका म्हटलं की जीव टाकतो. दर शनिवारी त्यांची सुवार्तेच्या पुस्तिकांची पिशवी उचलायला हा हजर.

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्याकडे प्रभुभोजनात सगळ्यांना पेले वाटून होईपर्यंत थांबायचं, मग प्रार्थना, मग सगळ्यांनी एकदम प्यायचं आणि रिकामा पेला बाकाच्या पाठीवरच्या भोकात ठेवायचा. संदेश देणाऱ्यापुढे बाक नसतो. काका आपला पेला व्यासपीठावरच्या वाचनमेजाच्या आतल्या फळीवर ठेवतात. तिथून तो काढताना माझ्या बोटांवर द्राक्षरस सांडला. पेला काठोकाठ भरलेला होता. वर कागदी रुमालाची घडी. मी म्हटलं, विसरले असतील. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. तिसऱ्या महिन्यात मी मुद्दाम खिडकीकडच्या बाकावर बसले, जिथून त्या मेजाची आतली बाजू दिसते. सगळ्यांनी डोळे मिटून पेला ओठांना लावला. काकांनीही लावला. त्यांचा गळा हलला नाही. त्यांनी पेला तसाच फळीवर ठेवला, वर रुमाल घातला आणि आम्हाला आशीर्वाद दिला.

इतकी वर्षं मी तिथून पेला काढत होते आणि कधी बघितलं नव्हतं. बहुतेक ते स्वतःच नंतर मोरीत ओतत असणार. त्या तीन महिन्यांत काकूंचा गुडघा धरला होता आणि त्यांना हाताला धरून न्यायच्या घाईत ते राहून जात होतं. प्रयोगशाळेत एखाद्या मुलाने प्रयोग न करताच उत्तर लिहिलं की मी त्याला उभा आडवा झाडते. आता कुणाला झाडू?

सोमवारी दुपारी मी दुकानात गेले. गर्दी नव्हती; एकच बाई नव्या सँडल घालून आरशापुढे चालून बघत होती. काकांनी मला बसवलं, माझी चप्पल काढली, पाय मांडीवर घेतला. "पाच. थोडी सूज आहे. उभं राहण्याचं काम कमी कर."

"काका, तुम्ही पेला पीत नाही," मी म्हटलं.

मला वाटलं होतं, ते साखरेचं काहीतरी सांगतील. डॉक्टरांनी गोड बंद केलंय, पोट बरं नाही. खरं सांगते, मला मधुमेह चालला असता. मी तो ऐकायलाच गेले होते. काकांनी माझा पाय हळूच खाली ठेवला आणि दुकानाच्या दाराकडे बघितलं.

"किती महिने झाले?" मी विचारलं.

"महिने नाही गं. अकरा वर्षं."

"का?"

"माझा विश्वास उरलेला नाही."

"ह्या चावतील का हो?" आरशापुढच्या बाईने विचारलं.

"दोन दिवस चावतील, मग नाही," काका त्याच आवाजात म्हणाले. त्याच आवाजात! मी तशीच बसले होते. एक चप्पल पायात, एक बाहेर.

बाई सँडल घेऊन गेली तशी मी विचारलं. "काय झालं होतं? कुणी गेलं? काही दुखणं?"

"काहीच नाही, तेच तर. काही झालं असतं तर सांगायला तरी बरं पडलं असतं. मंगळवार होता. शिडीवर चढून आठ नंबरचा खोका काढत होतो. मी कामात सारखा मनातल्या मनात देवाशी बोलायचो. तसाच बोलत होतो, आणि जाणवलं की पलीकडे कुणी नाही. खोका घेऊन खाली उतरलो. गिऱ्हाईक थांबलं होतं."

"आणि त्या रविवारी उभे राहिलात संदेश द्यायला?"

"सांगून टाकायचं ठरवून उभा राहिलो होतो. जीभ रेटली नाही. ठरलेला भाग वाचला, चार वाक्यं बोललो आणि बसलो. त्या दिवशी त्या दोघी बहिणी गळ्यात पडल्या." काकांनी बूट घालायची शिंगाची पट्टी हातात घेतली आणि उगाच तिची कड पुसत राहिले. "त्याच्या आधी वीस वर्षं मी मरमर तयारी करायचो. दाखले गोळा करायचो, आरशापुढे बोलून बघायचो. माझा विश्वास तेव्हा डोंगराएवढा होता. लोक म्हणायचे, छान झालं हं, आणि घरी जायचे. एक माणूस इकडचा तिकडे झाला नाही. जे काही झालं ते नंतर झालं. मग मला सोडायची भीती वाटायला लागली. मी थांबलो आणि ते थांबलं तर?"

"अहो, पण मग तुम्ही तिथे उभं राहून करता काय?"

"उठताना एवढंच म्हणतो की माझ्याकडे काही नाही, असलास तर तू बघ. बाकी जे लिहिलंय ते वाचतो. तो दुसऱ्याचा निरोप आहे, मी पोचवतो. पण पेला पिणं म्हणजे हे माझं आहे असं म्हणणं. तेवढं खोटं घशाखाली जात नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आम्ही काय बाहुल्या होतो? आम्ही याच्यापुढे घरातली लक्तरं उघडी केली, रडलो, नाक पुसलं, आणि हा माणूस वर उभा राहून निरोप पोचवत होता! मी बरंच काही बोलले. ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. मग बोलता बोलता मी आकडेमोड केली. याचे अकरा. आमचे सात.

"म्हणजे माझा नवरा आला त्या दिवशी..."

"त्या दिवशी ताप होता," काका म्हणाले. "आणखी काही नव्हतं."

माझं सगळं घर त्या एका दिवसावर उभं आहे. हे त्याला कळलं तर? ज्या माणसाच्या शब्दाने दारू सुटली तो माणूसच पोकळ निघाला, तर सुटलेली पुन्हा लागायला कितीसा वेळ? कोपऱ्यावरचं दारूचं दुकान तर तिथेच आहे, सात वर्षांत हललेलं नाही.

"आमच्या यांना यातलं काही कळता कामा नये," मी म्हटलं.

"तू सांगू नकोस. मीच सांगणार आहे, सगळ्यांना. आधी घरी हिला सांगतो. मग पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळीला."

"कशाला? अकरा वर्षं गप्प बसलात ना, बसा की अजून अकरा!"

हे माझ्याच तोंडून निघालं. मी, जी मुलांना एका चुकीच्या आकड्यासाठी वर्गाबाहेर काढते. काकांनी माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच माझ्या पायाकडे न बघता तोंडाकडे बघितलं.

"आजवर कुणी विचारलं नव्हतं," ते म्हणाले. "तू विचारलंस. आता गप्प बसलो तर ते निराळं खोटं होईल."

तो महिना मी कसा काढला ते मलाच ठाऊक. नवरा कामावरून आला की त्याचा सदरा धुवायला न्यायचा बहाणा करून वास घ्यायची. चुना आणि घाम. रोज चुना आणि घाम. तो शनिवारी काकांबरोबर इस्पितळात जाऊन यायचा आणि उत्साहाने सांगायचा, आज काका असं म्हणाले, आज एका म्हातारीने काकांचा हात सोडलाच नाही. मी भाजी चिरत राहायची. प्रार्थनेला बसले की शब्द यायचे आणि मध्येच वाटायचं, हे शब्द मला शिकवले कुणी? त्यानेच ना? मग मी उठून भांडी घासायची. आमची भांडी कधी इतकी स्वच्छ नव्हती.

रविवार उजाडला. "अहो, आज नको जाऊया. डोकं दुखतंय माझं."

"तू पड घरी," नवरा म्हणाला. "पेले मी धुतो. काच फुटणार नाही याची हमी." आणि स्वतःच्याच विनोदावर हसत शर्टाची बटणं लावायला लागला. मी निमूट चपला घातल्या.

टेबलावर पांढऱ्या कापडाखाली भाकर आणि पेल्यांचे ट्रे झाकलेले होते. काकू नेहमीच्या जागी बसल्या होत्या, डोळे सुजलेले, पर्स मांडीवर घट्ट धरलेली. काका व्यासपीठावर चढलेच नाहीत. टेबलाशेजारी उभे राहिले आणि दुकानात नंबर सांगतात तसं सांगून टाकलं. अकरा वर्षं माझा विश्वास नाही. अकरा वर्षं मी तुमच्याबरोबर पेला प्यालेलो नाही. हे मी लपवलं, ते चुकलं. आजपासून मी इथे उभा राहणार नाही.

मला सगळं आधीपासून ठाऊक होतं, तरी ते ऐकवेना. मग बाकीच्यांचं काय झालं असेल! आधी कुणाला काही समजलंच नाही. सेक्रेटरी अर्धवट उठले आणि म्हणाले, "काका, तुमची तब्येत बरी नाही, पाणी आणू का?" पेटी वाजवणाऱ्या बाईंनी पेटीचं झाकण धाडकन लावलं. त्या दोघी बहिणींतली धाकटी थोरलीला विचारत होती, "म्हणजे काय गं? म्हणजे काय?" आणि थोरली नुसती तिचा दंड धरून होती. मागून कुणीतरी म्हणालं, "ढोंगी!" एक कुटुंब उठून चालतं झालं. काका कुणाचंच काही न टाळता उभे होते, आणि मी कुणाकडेच बघत नव्हते. मी माझ्या नवऱ्याचे हात बघत होते. पूर्वी दारूची तलफ आली की आधी त्याची बोटं थरथरायची. चुन्याने फुटलेली, जाड बोटं. ती समोरच्या बाकाच्या पाठीवर होती, आणि नखं पांढरी होईपर्यंत आवळलेली होती.

मग तो उभा राहिला. मी त्याचा सदरा ओढला, त्याने माझा हात बाजूला केला. हा माणूस सात वर्षांत सभेत कधी एक शब्द बोललेला नाही.

"काका, मी त्या दारातून आलो होतो," तो म्हणाला. "तेव्हा?"

"तेव्हाही नव्हता," काका म्हणाले. "माफ कर मला."

"माफीचं नंतर बघू. मला एक सांगा. त्या दिवशी तुम्ही काय बोललात ते मला आठवत नाही. नुसती नावं वाचत होतात."

"हो. दुसरं काही तयार नव्हतं."

"मला आजवर वाटत होतं, तुमच्यात काहीतरी आहे. मी सगळा भार तुमच्यावरच टाकला होता, खरं सांगायचं तर. रस्त्यात ते दुकान लागलं की मी तुमचा चेहरा आठवायचो आणि पुढे जायचो. म्हणून विचारतो. माझी दारू सोडवली ती तुम्ही का?"

"नाही." काकांना विचार करावाच लागला नाही. "अरे, माझ्याकडे त्या दिवशी देण्यासारखं काय होतं? ताप होता आणि एक नावांची यादी. या खोलीत बाकी कुणाला शंका असेल, मला नाही. मला आतून ठाऊक आहे. मी नव्हतो. कुठल्याच दिवशी मी नव्हतो. या बहिणींच्या वेळी नव्हतो, तुझ्या वेळी नव्हतो. हे माझ्याइतकं खात्रीने जगात दुसरं कुणीही सांगू शकणार नाही."

नवऱ्याने मान डोलवली. गिलाव्याची भिंत ओळंब्यात आहे का ते बघताना तो जसा एक डोळा बारीक करतो तसा केला. "म्हणजे ती सुटली ते खरं," तो सावकाश म्हणाला. "सात वर्षं सुटलेलीच आहे. आणि ते तुम्ही नव्हतात. मग कोण होतं, काका?"

काकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं. आम्हा सगळ्यांना त्यांनी नुकता केवढा हादरा दिला होता, पण त्या क्षणी त्यांच्याइतका हादरलेला माणूस त्या खोलीत दुसरा नव्हता. त्यांनी टेबलाची कड धरली. काकू उठल्या, त्यांच्याकडे निघाल्या आणि मधेच थांबल्या.

"मी नव्हतो," काका पुन्हा म्हणाले. हे ते आम्हाला सांगत नव्हते. ते वर बघत होते.

माझा नवरा अजून उभाच होता.